‘ल’खालची ओळ

देवासच्या चिंतामणराव सुभेदारांना संगणकातली एक ओळ पुसायची होती. फक्त एक. सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या आणि त्यातली अकरा मुख्य लिपिकाच्या खुर्चीत बसून काढलेल्या माणसाला हे काम अवघड वाटायचं कारण नव्हतं, आणि वाटलंही नाही. म्हणूनच तर पुढचं सगळं झालं.

ओळ अशी होती: ‘लिव्हर सिरोसिस किती वर्षे जगतात’.

ती त्यांनी स्वतःच लिहिली होती. आषाढात इंदूरच्या एका डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं, “आपका लिव्हर सख्त हो गया है,” आणि त्याच दमात विचारलं, “कितनी लेते हैं?” चिंतामणराव आयुष्यभर खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं सगळं लेबल वाचल्याशिवाय घेत नसत. “एक थेंब नाही,” ते म्हणाले, आणि मग डॉक्टर हिंदी बोलणारे म्हणून, “एक बूँद नहीं.” डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ‘सगळे असंच सांगतात’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण माणूस भला निघाला. दारू न पिताही हे होतं, असं त्यानेच कबूल केलं. मीठ बंद, पथ्य कडक, तर काही काळ निभेल. खरा उपाय एकच, घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. “बच्चे कितने हैं?” “एक मुलगी.” “जवान है? फिर तो बढ़िया.” चिंतामणराव फाइल घेऊन उठले ते थेट बसस्टँडवर आले.

कृतिका अठ्ठावीस वर्षांची होती, इंदूरला नोकरीला होती, आणि तिचं लग्न धारच्या विश्वासरावांच्या विहंगशी ठरलं होतं. तिला कळलं असतं तर तिने लग्न बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पोट पुढे केलं असतं. तिच्यात ही खोड होती आणि ती बापाकडूनच आलेली होती. मुलीचं पोट कापून आपली वर्षं वाढवायची नाहीत, निदान लग्न पार पडेपर्यंत तिच्या कानावर एक अक्षर जाऊ द्यायचं नाही, एवढं चिंतामणरावांनी बसमध्येच ठरवलं. मग बायकोलाही सांगता येईना. सुमंगलाबाईंना खोटं बोलता येत नसे. तीस वर्षं मराठी समाजाच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई; लेकीने फोनवर “आई, बाबा कसे आहेत?” एवढं विचारलं असतं तरी तिने सगळं सांगून टाकलं असतं. तेव्हा फाइल गेली मागच्या पडवीतल्या कूलरच्या पोटात. पावसाळ्यात कूलर कोण उघडतो? उरलं होतं फक्त डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं एक वाक्य. ते त्यांनी संगणकाला विचारलं.

संगणकाने उत्तर दिलं, ते जाऊ द्या. पण त्याने प्रश्नही लक्षात ठेवला.

आता घरातला संगणक म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. बाहेरच्या खोलीत, सुमंगलाबाईंनी विणलेल्या झालरीखाली तो बसलेला. किल्ल्यांवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावलेल्या, त्यामुळे घरात जो येईल तो मराठीत लिही. आणि घरात लग्न म्हटल्यावर माणसं काय लिहिणार? ‘ल’ दाबला की खाली यादी उघडे: लग्नाचे हॉल देवास, लग्नपत्रिका नमुने, लग्नात विहिणीला काय द्यावे, आणि त्याच पंगतीत, पाटाला पाट लावून, लिव्हर सिरोसिस किती वर्षे जगतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चिंतामणरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्या दिवशी मंगळवार होता. रविवारी धारची मंडळी हॉल बघायला येणार होती, कृतिका येणार होती, आणि सगळ्यांच्या देखत ‘ल’ दाबणार होती.

सरकारी माणसाला पुसणं माहीतच नसतं. नोंदवहीत चूक झाली तर आडवी रेघ मारावी, बाजूला सही करावी, तारीख घालावी. पुसणं हा गुन्हा. तरी चिंतामणरावांनी धीर करून ती ओळ पूर्ण लिहिली आणि मागे जायची किल्ली दाबून एकेक अक्षर खोडलं. पट्टी कोरी झाली. मग खात्री करायला ‘ल’ दाबला, तर ओळ जागेवर, उलट एक पायरी वर.

मग त्यांना कचेरीतली खरी युक्ती आठवली. नको असलेली फाइल कोणी फाडत नाही. तिच्यावर दुसऱ्या फाइली ठेवतात. दहा वर्षांनी तिला वाळवी लागते आणि कोणाचंच नाव येत नाही. त्यांनी दुपारभर बसून ‘ल’वरून जे सुचेल ते शोधलं. लसूण शोधला, लवंग शोधली, लाकडी घाणा, लंगडी, लोणारचं सरोवर. लोहारद्याला जाणारी बस शोधली आणि तिच्या वेळा पंधरा मिनिटं मन लावून वाचल्या, लोहारद्यात त्यांचं कोणी नसताना. आणि दर पाच मिनिटांनी ती ओळ खाली गेली का हे पाहायला तिच्यावरच जाऊन थांबले. संध्याकाळी यादी उघडली तेव्हा ती सगळ्यात वर होती. ज्याच्याकडे माणूस पुन्हा पुन्हा वळतो ते त्याच्या आवडीचं, अशी त्या यंत्राची समजूत. बऱ्याच माणसांचीही असते.

तेव्हा बुधवारी ते मालोजींकडे गेले.

मालोजी समोरच राहत. नोटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मराठी समाजाचे चिटणीस, आणि घराणं थोरल्या पातीचं. देवासात एकेकाळी दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं. राज्यं जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण सुभेदार धाकट्या पातीचे असल्याने मालोजींचा सल्ला घ्यायला जाताना चिंतामणरावांना अजूनही आपण परराज्यात चाललो आहोत असं वाटे. त्यामुळेच असेल, त्यांनी सरळ न बोलता सुरुवात केली.

“माझा एक मित्र आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने एक शोधलं. आता ते सारखं वर येतं. घरात मुलगी येणार, व्याही येणार.”

मालोजींनी पेपर खाली ठेवला, दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“भिया,” ते हळू आवाजात म्हणाले, “मित्राचं सांगू नको. अपने बीच में क्या छुपाना. होतं, या वयात होतं. माणूस रिटायर होतो, मशीन हाताशी असते, वहिनी भजनाला जातात. मन थोडं इकडे-तिकडे जातंच.”

चिंतामणरावांना आधी कळेना की हा माणूस कशाबद्दल बोलतो आहे. कळलं तेव्हा त्यांचे कान तापले. बासष्ट वर्षांत त्यांनी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीकडेही चष्मा काढून पाहिलं होतं. “अरे भलतंच काय…” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. भलतं नाही तर मग काय, हा पुढचा प्रश्न येणार होता. त्याचं खरं उत्तर दिलं तर संध्याकाळच्या आत ते इंदूरला पोचणार.

“तसंच काहीसं,” चिंतामणराव म्हणाले.

हे बोलताना त्यांना फार वाईट वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. अब्रू म्हणून त्यांनी जे काही जमवलं होतं ते या दोन शब्दांत गेलं, आणि बदल्यात त्यांना मालोजींनी सल्ला दिला की मशीन बंद करून चालू कर. शिवाय शब्द दिला की ही गोष्ट या कानाची त्या कानाला कळणार नाही. कानांचं त्यांनी पाळलं. तोंडाबद्दल काही ठरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दुधाची पिशवी आणायला गेले तर गल्लीतल्या तिघी बायका बोलता बोलता गप्प झाल्या आणि एकीने पदर सावरला. दुपारी कोणीतरी दारात रुद्राक्षाची माळ आणि ‘इंद्रियनिग्रह’ नावाची पुस्तिका ठेवून गेलं. भजनी मंडळातल्या बायका सुमंगलाबाईंशी फार गोड बोलू लागल्या, सुतक असलेल्या घरात बोलतात तसं.  सुमंगलाबाई जेवायला वाढताना फक्त म्हणाल्या, “ताक घ्या अजून.” ताकात मीठ नव्हतं. दोन महिन्यांपासून घरात कशातच नव्हतं; त्यांना स्वतःला बीपी निघालं होतं म्हणे, आणि एकटीसाठी वेगळं कुठे शिजवणार. चिंतामणरावांनी सुरुवातीला रीतीप्रमाणे कुरकुर केली होती. मनातून त्यांना बरं वाटलं होतं, की बायकोच्या दुखण्याने आपलं पथ्य परभारे चाललं आहे. मग असं बरं वाटल्याचीच लाज वाटली होती.

त्या दिवशी ताक पिताना त्यांची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली. शाळा सुटली तरी सुमंगलाबाईंची पाटी सुटली नव्हती. वाण्याची यादी त्या तिथे खडूने लिहीत. वर मधोमध ‘श्री’, मग यादी, आणि खाली कोपऱ्यात चौकटीत ‘पुसू नये’. वर श्री घातल्याशिवाय त्या काही म्हणजे काहीच लिहीत नसत. गॅसच्या तक्रारीचा अर्ज असो नाहीतर पिठाच्या डब्यावरची चिठ्ठी. आणि ‘पुसू नये’ ही शाळेतली सवय. त्यांच्या मागून हिंदीचे सर त्याच वर्गात येत आणि फळा पुसून टाकत. सरांना मराठी वाचता येत नसे. पुढे पुढे पोरांनाही येईना. तरी बाई रोज लिहीत.

शुक्रवारी चिंतामणरावांनी संगणकाचं खोकं चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवलं आणि मोनाच्या दुकानात नेलं. मोना म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइन फॉर्म भरून देणारी पोरगी. जातीचा दाखला, शाळेची भरती, विजेचं बिल, सगळं तिच्याकडे. जाताना वाटेत जे भेटले त्यांनी चादरीकडे पाहिलं आणि मग टेकडीवरच्या देवीकडे पाहिलं.

“अंकल, कौन सी एंट्री हटानी है, बताइए,” मोना म्हणाली.

“ते सांगण्यासारखं नाही.”

“हाँ, वो तो सुना मैंने.” तिने खोक्याला पडदा जोडला, बोट ‘ल’च्या किल्लीकडे नेलं, आणि चिंतामणरावांनी दोन्ही तळहात पडद्यावर ठेवले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही पुढे सरकली.

मोना गरीब स्वभावाची होती. ती पाठ फिरवून उभी राहिली आणि भिंतीकडे बघत शिकवू लागली. “यादी उघडा. बाण खाली नेऊन त्या ओळीवर थांबा. थांबले? अब शिफ्ट दबाके रखो. दाबून धरलं? आता दुसऱ्या हाताने डिलीट.”

चिंतामणरावांनी दाबलं. ओळ गेली. आवाज नाही, काही नाही. तिच्या वरची आणि खालची ओळ जवळ सरकली, मधून माणूस उठून गेल्यावर सरकतात तशी. त्यांना वाटलं होतं आनंद होईल. त्याऐवजी ते त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण मुख्य लिपिकाला मूळ प्रत गेली की स्थळप्रतीची काळजी लागते. हे आणखी कुठे नोंदलेलं असेल तर? मोना गिऱ्हाइकाकडे वळली तेवढ्यात त्यांनी स्वतःच शोधून एक पान काढलं. तिथे यंत्राने विचारलं, किती काळाचं पुसू? शेवटचा तास, शेवटचा दिवस, की आतापर्यंतचं सगळं? चिंतामणरावांनी ‘आतापर्यंतचं सगळं’ निवडलं, समोरच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या, आणि सही करायला जागा नव्हती म्हणून नुसतं बटण दाबलं.

गॅसचं खातं गेलं. विजेचं गेलं. कृतिकाने चार रविवार खपून केलेली लग्नाच्या पाहुण्यांची यादी कुलूपबंद झाली आणि किल्लीही त्याच कचऱ्यात गेली. पेन्शनच्या खात्याने तर ओळखच सोडली. नवीन परवलीचा शब्द हवा असेल तर आधी आपण हयात असल्याचं सिद्ध करा, असं ते म्हणू लागलं. मोनाने अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. चिंतामणरावांनी अंगठा ठेवला. पुसून ठेवला. डावा ठेवला.

“अंकल,” मोना म्हणाली, “मशीन बोल रही है आप नहीं हो.”

“आहे,” चिंतामणराव म्हणाले. “सध्या तरी आहे.”

तिघंही गिऱ्हाइकं हसली. चिंतामणरावही हसले, कारण न हसणं विचित्र दिसलं असतं.

शनिवारचा आघात सगळ्यात जास्त लागला. दर शनिवारी समाजाच्या हॉलमध्ये ते मुलांकडून रामरक्षा म्हणून घेत. मुलांना मराठी धड येत नाही, संस्कृत तर लांबच, पण अकरा मुलं अकरा चालींत म्हणत आणि चिंतामणरावांना तो आठवड्यातला सर्वांत चांगला तास वाटे. त्या दिवशी मालोजी पायरीवरच उभे होते.

“भिया, थोडे दिवस आराम कर,” ते म्हणाले. “पालकांचं कसं असतं, तुला माहीतच आहे. मी म्हणालो त्यांना, माणूस वाईट नाही. मग ते म्हणाले, वाईट नाही पण मुलं लहान आहेत.”

आतून मुलांचा आवाज येत होता. चिंतामणराव चप्पल घालून परत फिरले. मरण्याचं दुःख त्यांनी दोन महिने बरं सांभाळलं होतं. पण हे चारचौघांत सांभाळायचं होतं आणि ‘मी तसा नाही’ एवढंसुद्धा म्हणायची सोय नव्हती. घरी येऊन ते पडवीत कूलरशेजारी बसले आणि रडले. सुमंगलाबाईंनी आतून विचारलं, “काय हो?” ते म्हणाले, “धूळ.” पावसाने अंगण भिजलेलं होतं.

रविवारी धारची मंडळी आली. विश्वासराव म्हणजे धारच्या जुन्या घराण्यातले, त्यांच्या पूर्वजांनी दरबारात कारभार पाहिलेला, स्वतः मास्तरकी केलेली. बोलणं अगदी आजोबांच्या वेळचं. ते स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आणि पोहे खाताना थांबून विचार करत. विहंग पाया पडला. कृतिकाने संगणकावरची झालर काढली, खुर्ची ओढली आणि ‘ल’ दाबला.

काहीच आलं नाही. लग्न नाही, लसूण नाही, लंगडी नाही. चिंतामणरावांनी सुटकेचा श्वास सोडला तो जरा मोठ्याने सुटला.

“बाबा, सगळं उडालंय,” कृतिका म्हणाली. “हे कोणी साफ केलं? माझी यादी?”

 विश्वासरावांनी बशी टेबलावर ठेवली. “चिंतामणराव,” ते म्हणाले, “आम्ही विचारणार नव्हतो. परंतु देवासातली गोष्ट धारला यायला बस लागत नाही. आमच्या कानी जे आलं ते आम्ही खरं मानलं नाही. आता मात्र ही पाटी कोरी दिसते. आम्हाला मुलगा द्यायचा आहे ह्या घरात. आपण काय पुसलंत, एवढं सांगावं.”

कृतिका बापाकडे पाहत होती. विहंग जमिनीकडे. चिंतामणरावांना दिसत होतं की आता गप्प राहिलो तर लग्न मोडतं, आणि खरं सांगितलं तरीही मोडतं, शिवाय मुलगी जाऊन ऑपरेशनच्या टेबलावर झोपते.  इतकी वर्षं एवढे अहवाल लिहिले, पण या घडीला एक ओळ सुचेना.

“पत्ते,” सुमंगलाबाई म्हणाल्या.

त्या पाण्याचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. “पत्ते खेळतात हो ते. रमी. पैसे लावून नाही, नुसतंच. पण सकाळी बसले की जेवायला उठत नाहीत. मी दोनदा ओरडले, तेव्हापासून माझ्या चोरून खेळतात आणि मग पुसून ठेवतात. आणि लोकांना रमी खेळतो म्हणायची लाज वाटते, म्हणून काहीबाही बोलू देतात.” पेले त्यांनी एकेक करून टेबलावर ठेवले. हात जरासुद्धा हलला नाही.

आधी विहंग हसला. मग कृतिका, “बाबा, रमी?” म्हणत. मग विश्वासरावांनी मान खाली घालून कबूल केलं की आम्हीही दुपारी डाव टाकतो, आमच्या घरीही तक्रार आहे. पोह्यांची दुसरी बशी मागवली गेली. विहंगकडे पाहुण्यांच्या यादीची प्रत निघाली. हॉल ठरला. जाताना विश्वासरावांनी चिंतामणरावांच्या खांद्यावर हात ठेवला, “मार्गशीर्षात कार्य उरकू, मग बसूच एक दिवस,” असं म्हणाले.

गल्लीतही ते तासाभरात पोचलं. मालोजी संध्याकाळी पत्त्यांचा जोड घेऊनच आले. शनिवारचा वर्ग परत मिळाला, ‘मुलांसमोर पत्त्यांचा विषय नको’ एवढ्या अटीवर. चिंतामणरावांना रमी येत नव्हती. ती त्यांना मोनाकडून शिकावी लागली.

पण मन निवत नव्हतं. जिला खोटं बोलता येत नाही ती बाई व्याह्यांच्या तोंडावर सरळ खोटं बोलली होती. का? कारण एकच. गल्लीत बोलत होते ते तिनेही खरं मानलं आणि नवऱ्याची घाण पोटात घालून वर पांघरूण टाकलं. पस्तीस वर्षं आपल्याबरोबर राहून तिला आपण तसे वाटलो. चिंतामणराव तिच्या समोर जेवायला बसत ते पानावरून नजर न उचलता.  मरेपर्यंत हिच्या मनात हेच राहणार, आणि आपल्याला ते पुसताही येणार नाही.

पंधरा दिवसांनी पत्रिकेचा मजकूर करायचा निघाला. सुमंगलाबाई भजनाला गेल्या होत्या. चिंतामणरावांनी संगणक लावला. कुलदैवताच्या नावाने सुरुवात कशी करतात ते नमुने पाहावेत म्हणून त्यांनी पट्टीत लिहिलं, ‘श्री’. पुढचं अक्षर लिहायच्या आधी खाली यादी उघडली.

श्री पायाला सूज आली तर पाणी किती द्यावे
श्री ह्यांना झोप लागत नाही लिव्हरमुळे का
श्री सैंधव मीठ चालते का
श्री दुपारी गुंगी येते घाबरण्यासारखे आहे का

चिंतामणरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळं तर पुसलं होतं, आतापर्यंतचं सगळं. म्हणजे हे त्या शुक्रवारनंतरचं. आणि हे काही पहिलीतले प्रश्न नव्हते. रोग काय असतो, कशाने होतो, हे शिकून कधीचंच मागे टाकलेल्या माणसाचे ते प्रश्न होते. आधीचे धडे त्यांनीच मोनाच्या दुकानात बटण दाबून उडवले होते. त्यांना मीठ आठवलं. बीपी आठवलं. सुमंगलाबाई कोणत्याही कागदावर श्री घालतात हे त्यांना पस्तीस वर्षं माहीत होतं. फक्त त्या हाही कागदच समजतात, हे सुचलं नव्हतं.

यादीत सर्वांत खाली आणखी एक ओळ होती.

श्री बायको लिव्हर देऊ शकते का वय सत्तावन्न

ती त्यांनी दोनदा वाचली. मग बाण खाली नेला, शिफ्ट दाबून धरलं आणि डिलीट दाबलं. रागाने दाबलं. मुलीचं पोट वाचवायला एवढा खटाटोप केला तो काय बायकोचं पोट पुढे करायला? पत्रिकेचा मजकूर तसाच राहिला. सुमंगलाबाई आल्या तेव्हा ते पेपर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी ‘श्री’ लिहून पाहिलं. ओळ परत आली होती, मागे ‘बी पॉझिटिव्ह’ एवढं जोडून. त्यांनी परत पुसली. जेवताना दोघांनी भोपळ्याच्या भाजीबद्दल बोलणं केलं. तिसऱ्या दिवशीही ती होती. या वेळी ‘साखर नाही, पाय दुखत नाहीत’ एवढी आणखी शिफारस. त्यांनी तीही पुसली आणि भीत भीतच, शाळेतल्या पोरासारखे, चौथ्या दिवसाची वाट पाहत राहिले.

चौथ्या दिवशी ‘श्री’ लिहिल्यावर वर एकच नवीन ओळ होती.

श्री पुसू नये

 चिंतामणराव उठून पडवीत गेले, कूलरची बाजू काढली आणि फाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. सुमंगलाबाई कणीक मळत होत्या. चिंतामणरावांनी फाइल ओट्यावर, डब्यांच्या शेजारी ठेवली.

सुमंगलाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. मग फाइल उचलून तिच्या कडा चाचपून पाहिल्या.

“कूलरमध्ये ओल येते हो,” त्या म्हणाल्या. “मी दोनदा उन्हात वाळवून परत ठेवली.”